आकड्यांच्या आधी अक्षरे

पदार्थविज्ञानाचे एखादे उदाहरण अकरावीच्या विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर तो बहुधा आकृती काढण्याच्या भानगडीत न पडता सूत्रांच्या यादीकडे धाव घेतो, आणि दिलेले आकडे ज्या सूत्रात चपखल बसतील तेच सूत्र खरे, असा निवाडा देऊन मोकळा होतो. हा दोष सर्वस्वी त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चार पर्यायांपैकी एका वर्तुळात शाई भरणे एवढ्यावरच जिथे गुणवत्तेचा फैसला होतो, तिथे विचार करीत बसणारा मागे पडणारच.

तीस अंशांच्या उतारावरून न घसरता गडगडत येणारा, २ किलोग्रॅम वस्तुमानाचा एक भरीव गोल घ्या. घर्षणांक ०.५ आहे, एवढे वाचताच पुष्कळ मुले घर्षणांकाला अभिलंब बलाने गुणून घर्षण सुमारे ८.५ न्यूटन असे बेधडक लिहितात आणि त्वरण ०.६६ काढतात. वस्तुतः हा गुणाकार म्हणजे घर्षणाची कमाल मर्यादा होय. प्रत्यक्षात घर्षण गरजेपुरतेच, म्हणजे येथे २.८ न्यूटन एवढेच लागते, आणि त्वरण ३.५ येते. गोलावर कोणकोणती बले कोठे लागतात हे बाणांनी दाखवून, एक समीकरण सरकण्याचे व दुसरे फिरण्याचे मांडले असते, तर ही चूक होण्यास वावच नव्हता.

परंतु हे ३.५ देखील मुके उत्तर आहे. तेच उदाहरण शेवटपर्यंत अक्षरांत सोडविले, तर वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही समीकरणांतून निघून जातात आणि घसरणाऱ्या गुळगुळीत ठोकळ्याच्या त्वरणाचा ५/७ हिस्सा तेवढा उरतो. म्हणजे काचेची गोटी आणि लोखंडाचा भरीव तोफगोळा उताराच्या माथ्यावरून एकदम सोडले तर तळाशी बरोबरच पोहोचतील, आणि पातळ कडे मात्र, त्याच्या वाट्यास त्या ठोकळ्याच्या निम्मेच त्वरण येत असल्याने, मागे रेंगाळेल. शिवाय न घसरण्यासाठी घर्षणांक उताराच्या कोनाच्या टॅनच्या २/७ पटीहून कमी असता कामा नये, ही अटही आपोआप हाती येते. उतार उभा होत गेला की ही मागणी बेसुमार वाढते, म्हणजे उभ्या भिंतीवरून गोल गडगडणार नाही, नुसता पडेल. आरंभीच २ किलोग्रॅम लिहून टाकणाऱ्यास यातले काहीच दिसत नाही.

विद्युतमंडलाची हकीकत निराळी नाही. किरखॉफने १८४५ साली, स्वतः विद्यार्थिदशेत असताना, जे नियम प्रसिद्ध केले त्यांत धारेची दिशा आरंभी मनास येईल ती धरण्याची मुभा आहे. अंदाज चुकला तर उत्तर ऋण येते, एवढेच. हे ऋण चिन्ह दिसताच कावरीबावरी होऊन सगळे खोडून टाकणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतील.

परीक्षामंडळांनी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न आकड्यांवाचून घालावा, आणि आकृतीस, बाणांस व उत्तराच्या पडताळणीस स्वतंत्र गुण ठेवावेत. तपासनिसांचे काम वाढेल हा आक्षेप रास्त आहे, आणि यंत्राला ही तपासणी सहजी जमणार नाही हेही कबूल. म्हणून एका प्रश्नापुरताच हा आग्रह. तोही फार अवघड नको. वरील गोल भरीव नसून आतून पोकळ असता तर त्याचे त्वरण वाढले असते की घटले, सकारण सांगा, एवढे विचारले तरी पुरे.