विजेची मोटार आपल्याला परवडेल काय?



आमचे मोठे बाबा यंदा संत्र्याच्या पैशातून मोटार घेणार आहेत. त्यावरून घरात दोन पक्ष पडले. दादा म्हणतो, "विजेचीच घ्या, पेट्रोलचा खर्च वाचते." आजी म्हणते, "लाइन गेली त ढकलत नेशीन काय?" मी वही घेऊन हिशोबच मांडला.

२०२२ साली टाटांची विजेवरची टियागो आली, तेव्हा तिची किंमत ८ लाख ४९ हजारांपासून होती. पेट्रोलवरची टियागो साधारण साडेपाच लाखांपासून मिळे. म्हणजे आधीच तीन लाख जास्त मोजायचे!

आता चालवण्याचा खर्च पाहू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला २० किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सव्वापाच रुपये पडतात. विजेची गाडी एका युनिटमध्ये सात-आठ किलोमीटर जाते. युनिटला १० रुपये धरले तरी दीड रुपयाच्या आतच. किलोमीटरमागे जवळजवळ चार रुपये वाचले. अकोट-अकोला जाऊन-येऊन सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे फेरीला ३६० रुपये. या हिशोबाने तीन लाख भरून निघायला ८३३ फेऱ्या लागतात. रोज अकोल्याला जाणाऱ्याचे पैसे तीन वर्षांत वसूल. पण मोठे बाबा जातात आठवड्यातून एकदा. त्यांना सोळा वर्षे लागतील! बॅटरीची हमी तर आठच वर्षांची. (सोळा वर्षांत मी नोकरीला लागेन.)

आजीचेही खोटे नाही. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. रात्री लाइन गेली तर सकाळी बॅटरी अर्धीच. शिवाय महिन्याचे युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, हे दादाने धरलेच नव्हते.

गंमत अशी, की जो खूप फिरतो त्यालाच ही गाडी स्वस्त पडते. आपल्यासारख्यांची मोटार लग्नाला नाहीतर दवाखान्यातच निघते. म्हणून माझे मत असे, की विजेवर आधी दिवसभर धावणारी वाहने यावीत, रिक्षा आणि एस.टी. एस.टी.ची विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली. तशा बसमध्ये तिकीट काढून आजीसुद्धा बसेल.

मोठ्या बाबांनी माझा कागद घडी करून खिशात ठेवला आहे. काय घेणार, ते अजून बोलले नाहीत.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, अकोट