राष्ट्र मागणं हा गुन्हा नव्हे



‘छळ सोसलेले अतिमानव स्वतःचं राष्ट्र उभारू लागले की कॉमिक्समध्ये ते खलनायक होतात, आणि ते योग्यच’ हे एका पत्रलेखकाचं मत मला अजिबात पटलं नाही. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी कॉमिक्समध्ये आणलेला अतिमानव मॅग्नेटो निव्वळ दुष्ट होता, हे खरं. पण पुढे ख्रिस क्लेअरमाँट यांनी तो ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेला दाखवला आणि त्याच्या हट्टामागची जखम दिसली. १९९९च्या कथेत त्याला राष्ट्र म्हणून जेनोशा बेट मिळतं. २००१च्या कथेत तिथले एक कोटी साठ लाख म्युटंट, म्हणजे त्याच्यासारखेच जन्मजात अतिमानव, मारले जातात. यात खलनायक कोण?

छळ सोसलेल्यांच्या राष्ट्राचं चुकतं कुठे, ते आमच्या अष्टमी गावाकडे पाहून कळेल. अष्टमकर, रोहेकर, पेणकर ही बेने इस्रायली ज्यूंची आडनावं या भागातलीच. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना कोकणात धर्मावरून कुणी छळलं नाही. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. छळातून उभ्या राहिलेल्या त्याच देशात १९६२ साली धर्मपीठाने त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी लावली! मराठी बोलणारी ही माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ती सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं.

पत्रलेखकाने मॅग्नेटोला राष्ट्र मागितलं म्हणून दोष देऊ नये. आत आलेल्यांत त्याने डावं-उजवं केलं, तर जरूर द्यावा.

– एक वाचक, अष्टमी (ता. रोहा, जि. रायगड)