टीव्ही दिसतो, पण बोलत नाही!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या खरेदीत म्हणा किंवा पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाच्या हौसेपायी म्हणा, आता गावोगावच्या घरांत टीव्हीखाली एक लांबट काळी पट्टी येऊन बसली आहे. तिचं नाव साउंडबार. पहिले चार दिवस कौतुकात जातात. मग एका संध्याकाळी वीज जाते, परत येते, टीव्हीवर चित्र दिसू लागतं आणि आवाज मात्र गप्प! भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात असं झालं की पुढचं सगळं ठरलेलं. घरचे पुरुष कामावर, मेकॅनिक भूमचा नाहीतर बार्शीचा. तो "उद्या येतो" म्हणतो आणि त्याचा उद्या काही लवकर उगवत नाही. तोवर सासूबाईंची मालिका मुकी, मामंजींच्या बातम्या मुक्या आणि घरातल्या बाईला एकच ताकीद, "तू हात लावू नकोस, बिघडवून ठेवशील!"

मला वाटतं, या ताकिदीचीच आधी दुरुस्ती व्हायला हवी. कारण अशा वेळी फार करून बिघडलेलं काहीच नसतं. आवाजाची वाट चुकलेली असते, आणि ती शोधायला शिक्षण लागत नाही, क्रम लागतो. तो आपल्याजवळ असतोच.

आधी ही पट्टी मुळात का लागते ते पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हाचे टीव्ही म्हणजे लाकडी पेट्या. पेटी खोल असे आणि तिच्या पोटात मोठा स्पीकर मावत असे. आजचा टीव्ही भिंतीवर कॅलेंडरासारखा टांगायचा. त्याच्यात स्पीकर बसतो तो बारीक, आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून. आवाज आपल्याकडे येण्याऐवजी भिंतीकडे जातो. म्हणून ही वेगळी पट्टी. पण पेटी एक होती तेव्हा आवाजाला कुठे जायचंच नव्हतं. आता त्याला एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात प्रवास करावा लागतो. प्रवास आला की चुकामूक आली!

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? लगेच प्लंबरला बोलावत नाही. टाकीत पाणी आहे का बघतो, मग व्हॉल्व्ह, मग नळ. इथेही तेच करायचं. सेट टॉप बॉक्स ही टाकी, टीव्ही हा व्हॉल्व्ह, मधली वायर ही पाइप आणि साउंडबार हा नळ. पाणी कुठवर पोचलंय एवढंच शोधायचं.

त्यासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा टीव्हीची. रिमोटवरून ‘सेटिंग्ज’मध्ये जा, तिथे ‘साउंड’ आणि त्यात ‘साउंड आउटपुट’ असं काहीसं सापडेल. तिथे ‘टीव्ही स्पीकर’ निवडा. टीव्ही स्वतःच्या तोंडाने बोलू लागला, तर टाकी आणि व्हॉल्व्ह ठीक. नाही बोलला, तर बिचाऱ्या साउंडबारचा काही दोष नाही. सेट टॉप बॉक्सचा रिमोट घ्या आणि त्या बॉक्सचाच आवाज कमी किंवा बंद झालाय का बघा. डीडी फ्री डिशच्या बॉक्सलाही स्वतःचा आवाज कमी-जास्त करायची सोय असते, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं.

दुसरी परीक्षा साउंडबारची. त्याच्या रिमोटवर ‘ब्लूटूथ’चं बटण असतं. ते दाबून घरातला मोबाइल त्याला जोडा आणि एखादं भजन लावा. भजन वाजलं की बार धडधाकट आहे. मग दोष उरला तो मधल्या वाटेचा, आणि तिथे आपण नक्की काहीतरी करू शकतो.

आता ही मधली वाट. ती क्रमाने तपासा.

१) बारचा ‘सोर्स’ बघा. बारला अनेक दारं असतात, पण ऐकतो तो एका वेळी एकाच दाराशी. वीज जाऊन आली की काही बार भलत्याच दाराशी जाऊन उभे राहतात. कधी नातवाच्या मोबाइलने ब्लूटूथवरून बार पळवलेला असतो! बारच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण एकेकदा दाबत जा आणि वायर ज्या दाराला लावली आहे त्याचं नाव आलं की थांबा. टीव्हीच्या ‘साउंड आउटपुट’मध्येही ‘टीव्ही स्पीकर’ऐवजी पुन्हा साउंडबारची निवड करायला विसरू नका.

२) वायर योग्य भोकात आहे ना? हल्ली चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर लावतात. टीव्हीच्या मागे तशी दोन-तीन भोकं असतात, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. पण आवाज बाहेर पाठवणारं भोक त्यांतलं एकच असतं आणि त्याच्यावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. बारवरही तीच अक्षरं शोधा. ही सोय एचडीएमआयमध्ये २००९ साली आली. त्याआधीच्या टीव्हीवर ती शोधू नका. सफाई करताना वायर काढून शेजारच्या भोकात लावली गेली, तर यंत्रं शाबूत आणि आवाज बंद, असा घोळ होतो.

३) टीव्हीमधली ‘सीईसी’ची सोय चालू करा. दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखण्याची ही बोली आहे. गंमत अशी की प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय. सॅमसंगमध्ये ‘एनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिंपलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’. ती बंद असली तर पुष्कळ टीव्हींवर एआरसीचा आवाज जात नाही.

४) वायर गोल, बारीक आणि टोकाला लाल उजेड दिसणारी असेल तर ती ऑप्टिकल. तिच्या दोन्ही टोकांना नवी असताना प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या काढल्या नाहीत तर आवाज येणारच नाही. ही वायर पदराच्या निरीसारखी मुडपू नका, आत उजेड वाहणारा धागा असतो. आणि हिच्यावर बहुधा टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, बारचाच रिमोट वापरावा लागतो. तो बिघाड नव्हे.

५) काही चॅनेलांना आवाज आहे, काहींना नाही? मग वायर निर्दोष आहे. टीव्ही काही कार्यक्रमांचा आवाज बारला न कळणाऱ्या भाषेत पाठवतोय. ‘साउंड’मध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ शोधा आणि ‘पीसीएम’ निवडा. ही साधी भाषा, ती बारला समजते.

६) एवढ्यानेही जमलं नाही तर टीव्ही आणि बार दोघांचेही प्लग भिंतीतून काढा. नुसता रिमोटने बंद करणं पुरत नाही. दोन मिनिटं थांबा, तोवर कुकरच्या दोन शिट्ट्या होऊ द्या, आणि पुन्हा लावा. भांडलेल्या जावांसारखी ही यंत्रं थोडा वेळ वेगळी राहिली की पुन्हा बोलू लागतात!

नवी वायर घ्यायची घाई मात्र करू नका. सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर काढून तात्पुरती बारला लावून बघा. तिने आवाज आला तरच पैसे खर्च करा, आणि साध्या एआरसीसाठी महागातली महाग वायर लागत नाही हेही लक्षात असू द्या.

आवाज येतो पण ओठ आधी हलतात, अशी तक्रार असेल तर बार ब्लूटूथवर जोडलेला नाही ना ते पाहा. त्यात आवाज मागे पडतो. वायरनेही फरक राहिला तर ‘एव्ही सिंक’ नावाची सोय वापरा. आवाज दोनदा, विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल तर टीव्हीचा स्पीकरही चालू राहिलाय, तो बंद करा. आणि टीव्हीचा रिमोटच चालेनासा झाला असेल तर बार टीव्हीच्या खालच्या डोळ्यासमोर आडवा आला असेल, जरा सरकवा. बारवर क्रोशाचा रुमाल घालायचा मोहही आवरा. रुमालाने आवाज दबतो आणि बारचा डोळाही झाकतो.

एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. वय वाढलं की बारीक, टिपेचे सूर ऐकू येणं आधी कमी होतं. स, श, फ यांसारखी अक्षरं निसटतात. मग "आवाज वाढव" म्हणतात, वाढवला की "ओरडतोय कशाला" म्हणतात. हा हट्ट नव्हे. अशा वेळी आवाज न वाढवता बारवरची ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ची सोय लावा, शब्द पुढे येतात, मागचं संगीत मागे राहतं. एवढं करूनही त्यांना माणसांचं बोलणं समजत नसेल तर कानांची तपासणी करून घ्या. दोष बारचा नसून कानाचा असू शकतो, आणि त्यालाही उपाय आहेत.

आता न करायच्या गोष्टी. टीव्ही किंवा बार कधीही उघडू नका. आत धोका असतो आणि वॉरंटीही जाते. जळका वास आला, ठिणगी दिसली, किंवा दुसऱ्या प्लगमध्ये लावूनही बारचा दिवा पेटला नाही, तर प्लग काढा आणि मेकॅनिकचीच वाट बघा. आपल्या मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा फार पडतात. आभाळ भरून येताच, कडकडाट सुरू व्हायच्या आत, टीव्ही, बार आणि सेट टॉप बॉक्सचे प्लग काढा, छत्रीवरून येणारी वायरही सोडवून ठेवा. वीज डोक्यावर आल्यावर मात्र तिकडे हात घालू नका.

आणि सगळं सुरळीत चालू असतानाच एक काम उरका. कोणती वायर कुठल्या भोकात, बारचा सोर्स कोणता, टीव्हीत काय निवडलंय, हे मराठीत एका चिठ्ठीवर लिहा, पावतीची तारीखही लिहा आणि ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मसाल्याच्या डब्यांना नावं लावतो तशी वायरींनाही कागदी पट्ट्या लावा. मेकॅनिक आलाच, तर त्याला नुसतं "आवाज येत नाही" न म्हणता "टीव्ही स्पीकरवर येतो, बार मोबाइलवर वाजतो, एआरसीवर बंद आहे" असं सांगा. मग तो नको ती दुरुस्ती तुमच्या माथी मारणार नाही, आणि घरातली मंडळीही पुढच्या वेळी "हात लावू नकोस" म्हणण्याऐवजी "जरा बघतेस का?" म्हणतील.