मनीची बदली

शेजारच्या जोडप्याची पुण्याहून गुरुग्रामला बदली झाली आणि आठवडाभर सोसायटीत एकच चर्चा: त्यांच्या मांजरीचं, मनीचं काय? मनी गेली, गाडीतूनच. सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट तिथवर नेतो, पण मनीला त्याचं काय कौतुक! अमेरिकन लेखक स्टाइनबेक १९६० साली अमेरिका पालथी घालायला निघाला तेव्हा त्यानं सोबत चार्ली नावाचा कुत्रा घेतला, शहाणा माणूस. कुत्र्याचं घर म्हणजे मालक. मांजराचं घर म्हणजे सोफ्याचा तो कोपरा, स्वतः गाल घासघासून आपला वास लावलेला. गाडीत तो वासच नसतो, म्हणून ते टाहो फोडतं (आणि असा, की टोलनाक्यावरचा माणूसही वाकून आत बघतो). यावर करण्यासारखं थोडंच असतं: पिंजरा बरेच दिवस आधी घरात उघडा ठेवायचा, आत त्याची न धुतलेली चादर घालायची, निघण्यापूर्वी काही तास खाऊ घालायचं नाही आणि पिंजरा सीटबेल्टनं बांधायचा. धावत्या गाडीत मांजर मोकळं सोडून फोटो काढणाऱ्यांना मी सरळ मूर्ख म्हणतो. घाबरलेलं मांजर ड्रायव्हरच्या पायाशी, ब्रेकखालीही शिरतं. बदलीला इलाज नाही, सहलीला आहे. दिवाळीत गोव्याला निघाला असाल तर किल्ली शेजारी द्या, खाण्याचा डबा दाखवून ठेवा आणि मांजराला घरीच राहू द्या.