गाडी बदलताना सामान

मिरजेसारख्या जंक्शनावर दुसऱ्या गाडीस पाच-सहा तासांचा अवकाश असला की वृद्ध आईस सामानाच्या राखणीस बसवून इतरांनी गावात फिरावयास जावे, हे उचित नव्हे. मोठ्या स्थानकांवर रेल्वेची क्लोकरूम असते. तेथे प्रवासाचे तिकीट दाखवावे. ओळखपत्रही जवळ असावे. प्रत्येक नगास कुलूप हवे. त्यावाचून सामान घेत नाहीत. आकार 24 तासांच्या हिशेबाने पडतो. नाशवंत पदार्थ तेथे ठेवता येत नाहीत. पैसे, दागिने व औषधे स्वतःजवळच बाळगावीत. पावती जपावी, ती हरवल्यास हमीपत्र लिहून द्यावे लागते. गाडीपूर्वी पुरेसा वेळ राखून सामान सोडवावे. एवढे केले की आईसही तुमच्यासवे गावात येता येईल, अथवा प्रतीक्षालयात स्वस्थ पडता येईल.