शाळेचं अप्रेझल

एप्रिल आला की आपल्या ऑफिसात एकच विषय. अप्रेझल! परवा फोनवर हेच रडगाणं मी वहिनीला ऐकवत होते. ती जुन्नरकडच्या एका खेड्यात राहते, तिथल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. म्हणाली, ‘‘तुमचं बरंय गं, कुणी विचारतं तरी. आमच्याकडे तर मीटिंगचं रजिस्टरच घरी यायचं सहीला.’’

कायदा भारी आहे हं! २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. शाळेवर लक्ष ठेवायचं, अनुदान कुठे खर्च झालं ते बघायचं. आणि आपण सही करून मोकळे!

वहिनीचा चौथीतला पोरगा वाचताना अडखळायला लागला, तेव्हा तिनं सही थांबवली. मीटिंगमध्ये तिनं ‘असर’चा कागद काढला. ‘प्रथम’ संस्थेची माणसं २००५पासून खेड्यात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतात, तोच हा कागद. अक्षरं, शब्द, परिच्छेद, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४मध्ये देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच ती गोष्ट वाचता आली होती. वहिनीचा पोरगा परिच्छेदाशीच अडला. एकटा नव्हता तो.

सर भडकले. ‘‘मलाच चोर ठरवताय?’’

मला सरांचंही पटतं, खरं सांगते. अमेरिकेत अटलांटामध्ये परीक्षेच्या आकड्यांवर बोनस आणि नोकऱ्या टांगल्या होत्या. मग काय, मोठ्यांनीच मुलांची उत्तरं खोडून दुरुस्त केली! २०११च्या चौकशीत ४४ शाळांमध्ये हा घोटाळा सापडला. टार्गेटचं प्रेशर आलं की एक्सेल शीटमध्ये आपण काय करतो, आठवा जरा.

वहिनीनं सरांना एवढंच विचारलं, ‘‘तुम्हाला काय लागेल?’’ तेव्हा कळलं, दोन वर्ग एकट्याच्या अंगावर आणि वर कागदपत्रं. मग ठरलं, रोज एक तास इयत्ता विसरायची, ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गट करायचे. बारावी झालेल्या दोन आया मदतीला. दर महिन्याला तोच कागद पुन्हा. फळ्यावर फक्त संख्या, कुणाचं नाव नाही.

पोरगा आता परिच्छेद वाचतो, गोष्ट अजून नाही. वहिनीची सध्याची कटकट वेगळीच आहे. मीटिंग भर दुपारी असते आणि शेतात कांदा काढणी चालू. संध्याकाळी ठेवा, म्हणून तिनं अर्ज दिलाय. सर अजून हो म्हणालेले नाहीत.