गल्ला रोज मोजता, नाडी कधी मोजली?

रात्री शटर ओढायच्या आधी आपण गल्ला मोजतो. पन्नास रुपये कमी आले तरी चैन पडत नाही. पण ज्या माणसाच्या जिवावर दुकान चालतं, त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला किती पडतात? उत्तर नसतं. माझं स्पष्ट मत आहे, एकट्याच्या धंद्यात मालकाची तब्येत हेच पहिलं भांडवल, आणि भांडवलाची नोंद ठेवावीच लागते.

त्यासाठी लगेच स्मार्टवॉच घ्यायला नको. सकाळी चहा-तंबाखूच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते आणि घोळ होतो. ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. ठोके मागेपुढे पडतायत असं वाटलं तर पूर्ण ६० सेकंद मोजा. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर त्यावरही हा आकडा दिसतो.

मोठ्या माणसाचे आराम करताना साधारण ६० ते १०० ठोके पडतात. नियमित व्यायाम करणाऱ्याचे कमीही असतात. ताप, टेन्शन, अपुरी झोप यांनी आकडा चढतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला घाबरू नका. एका दिवसाच्या विक्रीवरून धंदा कळतो का? नाही ना! महिन्याची वही बघावी लागते.

मागच्या दिवाळीच्या सीझनला माझा आकडा आठवडाभर १०० च्या वर होता. 'धावपळ आहे, दुसरं काय,' म्हणून सोडून देणार होतो. पण वही खोटं बोलत नव्हती. ती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, थायरॉइड निघाला. नाहीतर मी अजून चहालाच दोष देत बसलो असतो.

एक मात्र लक्षात ठेवा. नाडी म्हणजे बीपी नव्हे, आणि आकडा चांगला आला म्हणजे हृदय ठणठणीत, असंही नाही. आकडा सतत जास्त किंवा फार कमी येत असेल, ठोके अनियमित असतील, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखतंय, दम लागतोय, भोवळ येतेय, तर मोजत बसू नका. गिऱ्हाईक थांबेल. १०८ ला फोन करा.

हिशेबाच्या वहीत आजच एक रकाना वाढवा. उद्या सकाळी त्यात पहिला आकडा लिहा, मगच शटर उघडा.